तांबटआळीखालची साय

खडीमशीन वस्तीत खडीमशीन आता नव्हतं. अर्धा डोंगर खाऊन ते कधीच निघून गेलं होतं. मागे उरली होती दगडाची एक खोल खाण आणि खाणीच्या तिन्ही अंगांनी पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली साडेआठशे घरं. सकाळी सूर्य खाणीच्या कडेवर येईपर्यंत वस्तीवर निळसर सावली पसरलेली असे. त्या सावलीत, अगदी तळाशी, पाणीघराच्या भिंतीवरचे बारा दिवे मंद हिरवे तेवत असत. वरून पाहिलं की वाटायचं, खाणीच्या तळाशी एखादं मोठं, शांत जनावर डोळे उघडे ठेवून बसलंय.

त्या जनावराला सांभाळायचं काम कौसल्या लोंढेकडे होतं. पाणीघराचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, ते तिला धड म्हणताही येत नसे. सहा वर्षांपूर्वी, दोन हजार सदतीस साली, ते बांधलं तेव्हा वस्तीतल्या बायांमधून तिची निवड झाली होती. वर चाळीस संडास, न्हाणीघरं आणि घराघरांतून उतारावरून येणाऱ्या मोऱ्या. खाली सहा लांबट टाक्या. प्रत्येक टाकीत, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांसारखे, काळ्या कार्बनच्या कापडाचे पडदे टांगलेले. आणि पडद्यांवर बोटभर जाडीचा, तपकिरी सोनेरी, मऊ थर.

या थराचं शास्त्रीय नावही लांबलचकच होतं. कौसल्याने पहिल्याच दिवशी बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर साय!" विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. तस्नीम मुजावर, ज्यांनी हे सगळं उभं केलं होतं, त्या खळखळून हसल्या आणि पुढे स्वतःच्या अहवालांतही साय असंच लिहू लागल्या.

मैलापाण्यातले जंतू घाण खातात हे काही नवं नव्हतं. पण खाताना जंतूकडे इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे कण, उरतात. ते कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय त्याला पुढचा घास घेता येत नाही. मोकळ्या हवेत तो ते प्राणवायूला देतो. बंद गटारात प्राणवायू नसतो, म्हणून तिथले जंतू ते गंधकाच्या क्षारांना देतात आणि त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू तयार होतो. गटारात उतरलेली माणसं मरतात ती याच वायूने. सायीतले जंतू वेगळे होते. त्यांच्या अंगातून केसाहून हजारो पटींनी बारीक अशा तारा फुटत. त्या तारांनी ते एकमेकांना धरून राहत आणि आपले विजेचे कण थेट कापडाला देत. त्यामुळे वायू होत नसे, गाळही नावालाच साचे. पडद्यांमधून झिरपून आलेलं पाणी पुढे वाळूतून, कोळशातून आणि शेवटी अतिनील दिव्यांखालून जाई आणि वस्तीच्या नळांना येई. कापडातून मिळणाऱ्या विजेवर भिंतीवरचे ते बारा दिवे चालत. साय पोटभर जेवली की दिवे भरून जळत.

कौसल्या दिवे पाहून वस्तीचं सगळं ओळखायची. रविवारी घरोघरी मटण शिजलं की सोमवारी दिवे फुलायचे. नवरात्राच्या उपासांत ते सौम्य व्हायचे. लग्नाच्या पंगतीनंतर दोन दिवस पाणीघर दिवाळीसारखं दिसायचं. काम आटोपलं की ती टाकीच्या काठावर बसून सायीशी बोलायची. पडदे पाण्यात किंचित हलायचे आणि तिला वाटायचं, आपलं ऐकून कुणीतरी मान डोलावतंय.

टँकरच्या मागे धावणं संपलं होतं. पहाटे अंधारात खाणीच्या कडेला जाणाऱ्या बायांची रांग संपली होती. नळ दिवसभर चालू असे. पहिल्या वर्षी लोकांनी नाकं मुरडली, दुसऱ्या वर्षी चहा केला, तिसऱ्या वर्षी पाहुण्यांना तांब्या भरून दिला.

वस्तीत एकच माणूस ते पाणी पीत नव्हता, आणि तो कौसल्याचा नवरा होता.

अंकुश लोंढे सत्तावन्न वर्षांचा होता. आयुष्यातली वीस-बावीस वर्षं त्याने ठेकेदाराच्या हाताखाली शहराच्या गटारांत उतरून काढली होती. कायद्याने बंदी होती, तरी उतरवत होते. त्या कामाने त्याला वास येणं कायमचं बंद झालं होतं. आता गटारं साफ करायला खेकडे होते. आठ पायांची, कॅमेऱ्याची यंत्रं. लोकांनीच त्यांना हे नाव दिलं होतं. अंकुश एका गोदामावर दिवसपाळीची राखण करी. रोज परत येताना तो वाट वाकडी करून माळापलीकडच्या हापशावर जाई, सायकलला दोन कॅन बांधून आणी. घरात त्याचा माठ वेगळा, कौसल्याचा वेगळा. भातसुद्धा ती दोन भांड्यांत लावायची.

"किळस येते का तुम्हाला?" तिने एकदा विचारलं होतं.

"न्हाई."

"मग?"

"मग काही न्हाई."

सहा वर्षांत तो पाणीघराची पायरी एकदाही चढला नव्हता. बायको दिवसभर जिथे असते ती जागा त्याने आतून पाहिली नव्हती. लोक हसत. कौसल्याने हसण्याकडे दुर्लक्ष केलं होतं, पण मनात एक बारीक सल होता. जगाला तिच्या हातचं पाणी चाललं, घरच्या माणसाला चालत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर वस्तीत तापाची साथ आली. जुन्या औषधांना न जुमानणारा ताप होता. आरोग्य खात्याच्या गाड्या आल्या आणि आजारी असो वा नसो, सगळ्यांना नवीन गोळ्यांचा दहा दिवसांचा डोस दिला. गोळ्या जालीम होत्या. ताप उतरला, एकही माणूस दगावला नाही. वस्तीने सुटकेचा श्वास टाकला.

अकराव्या दिवशी बारापैकी पाच दिवे विझलेले होते.

कौसल्या टाकीवर वाकली. सोनेरी साय राखाडी पडली होती. बोट लावलं तर थर पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. तिने तस्नीममॅडमना फोन लावला तेव्हा तिचा आवाज घरात कुणी गेल्यासारखा येत होता.

तस्नीम तासाभरात आल्या. नमुने घेतले, बराच वेळ पाहिले.

"कौसल्याताई, गोळी अंगात जिरते त्याहून जास्त बाहेर पडते. साडेआठशे घरांनी घेतलेलं औषध शेवटी इथेच आलं. तापाचे जंतू मेले, आणि ही पण."

"पण हिनं कुणाचं काय वाईट केलं व्हतं?"

तस्नीमनी नमुन्याच्या बाटलीचं बूच घट्ट लावलं. "मी नवीन विरजण आणते," त्या म्हणाल्या.

प्रयोगशाळेत सायीचा मूळ वाण जपून ठेवलेला होता. त्यातला काचेच्या बरणीभर टाकीत सोडायचा, आठवडाभर ऊब ठेवायची, की पडद्यावर नवा थर धरतो. त्यांनी सोडला. तीन दिवसांत तो राखाडी झाला. पुन्हा आणला. पुन्हा तेच. वस्तीच्या पाण्यात औषधाचा अंश अजून होता, महिनाभर तरी राहणार होता, आणि प्रयोगशाळेतला वाण स्वच्छ बरण्यांमध्ये, मोजूनमापून दिलेल्या खाण्यावर वाढलेला होता. जगाचा मार त्याने कधी खाल्लाच नव्हता.

टँकर परत आले. दुसऱ्याच दिवशी हंड्यांवरून मारामारी झाली आणि एका बाईच्या डोक्याला खोक पडली. साय नसल्याने टाक्यांत घाण तशीच साचत चालली. वरच्या कचेरीतून निरोप आला की पंधरवड्यात टाक्या चालू झाल्या नाहीत तर संडासांना कुलूप लावावं लागेल. कुलूप लागलं तर पुन्हा खाणीची कड, पुन्हा पहाटेचा अंधार. वस्तीतल्या बायका कौसल्याला काही बोलत नसत, नुसत्या तिच्याकडे बघत. ते बोलण्यापेक्षा जड जाई.

एके दिवशी दुपारी ती घरी जेवायला आली. अंकुशची त्या दिवशी सुट्टी होती. तिने ताटावर बसताना पदराने डोळे पुसले.

"रडतीस का?" त्याने विचारलं.

"न्हाई हो. सकाळधरनं चुरचुरतायत. डोकं बी धरलंय."

अंकुशने हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "टाकीपाशी गेल्यावर चुरचुरतात?"

"हां."

"वास येतो का? अंड्यासारखा?"

"काल येत व्हता. आज न्हाई आला."

तो ताटावरून उठला. "वास यायचा बंद झाला म्हंजे गॅस कमी झाला न्हाई, कौसल्ये. तुझं नाक मरायला लागलंय. चल."

आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तो पाणीघराच्या पायऱ्या चढला, तोही धावत. आत जाऊन त्याने सगळी दारं-खिडक्या उघडली, झाकणं बाजूला सारली, कौसल्याला हाताला धरून बाहेर वाऱ्याच्या तोंडाला उभं केलं. मग एकटाच पुन्हा आत गेला, टाक्यांच्या कडेकडेने, श्वास धरून, चार पावलं जाऊन बाहेर तोंड काढत, जुन्या सवयीने.

शेवटच्या टाकीपाशी तो थांबला. कोपऱ्यातल्या एका पडद्याच्या टोकाला तळहाताएवढी साय अजून जिवंत होती. उन्हाची तिरीप नेमकी तिच्यावर पडली होती आणि ती ओल्या मधासारखी चमकत होती. अंकुशने हात पुढे केला, तसाच हवेत धरला.

बराच वेळ तो बाहेर आला नाही म्हणून कौसल्या दारात आली. "अहो?"

"हिला तुम्ही साय म्हणता?"

"हां."

"आम्ही हिला गादी म्हणायचो," अंकुश म्हणाला. "मी आणि लहू."

लहू अवघडे हा त्याचा जोडीदार. चौदा वर्षांपूर्वी गटारातच त्याचा जीव गेला. त्याची बायको छाया याच वस्तीत, दोन गल्ल्या सोडून राहत होती. लहूचं नाव अंकुशच्या तोंडून कौसल्याने इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याला घेऊन ती बाहेर आली आणि पाणीघराच्या पायरीवर त्याच्याशेजारी बसली.

तो सांगू लागला तेव्हा त्याचा आवाज झोपेत बोलणाऱ्यासारखा होता.

शहरातल्या तांबटआळीच्या खाली एक दगडी गटार आहे, तो म्हणाला. फार जुनं. नकाशात नाही. नव्या पाइपातून वाकून गेलं की एका ठिकाणी पाइप फुटलेला आहे, तिथून आत शिरता येतं. आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंची. एका बाजूची भिंत बांधलेली, दुसऱ्या बाजूला डोंगराचा मूळ कातळ, आणि कातळात कमरेएवढ्या उंचीवरून गेलेला गेरूचा तांबडा पट्टा. त्या पट्ट्यावर ही गादी. वीस-पंचवीस पावलं लांब. बॅटरी मारली की भिंत सोन्यासारखी पेटायची. वरून काळं पाणी यायचं आणि गादीखालून जाताना नितळ व्हायचं. तळाचे खडे दिसायचे.

"आणि हवा चांगली. डोळ्यांना कधी त्रास न्हाई. वर काम जास्त असलं की दम खायला आम्ही तिथंच बसायचो. लहू पाय पसरून पडायचा. म्हणायचा, हितं एक खिडकी काढली तर मी छायाला घेऊन राहायलाच येतो."

"कुणाला सांगितलं न्हाई तुम्ही?"

"कोण विचारणार? आणि सांगितलं तर कोण मानणार, गटारात सोन्याची भिंत हाय म्हणून?"

तो थांबला. खाली नळाच्या कोरड्या कट्ट्यावर चिमण्या उतरल्या होत्या.

"त्या दिवशी आम्ही गादीपाशी बसलो व्हतो. पुढं चोंदलं व्हतं. लहूनं कमरेचा दोर सोडला, अडकतोय म्हणाला. मी म्हणालो, सोड. हितली हवा चांगली असते. मीच म्हणालो, कौसल्ये. तो गादीच्या पलीकडं गेला, तीस पावलं. तिथं गादी न्हाई. तिथं नुसता गॅस." त्याने दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. "पडल्याचा आवाज आला. दोर माझ्या हातात, आणि दोराला कुणी न्हाई. जिनं आम्हाला जगवलं, तिच्याच भरवशावर मी त्याला पुढं धाडलं. तू पहिल्याच दिवशी घरी येऊन सांगितलंस, सोनेरी, मऊ थर, तवाच मी तिला वळखलं. आता तीच हितं पाणी करते आणि मी ते प्यायचं? माझ्या घशाखाली उतरंल का?"

कौसल्याने त्याचा हात धरला. सहा वर्षांचा सल आत कुठेतरी निघाला आणि त्याच जागी दुसरं काहीतरी, फार मोठं, येऊन बसलं. माणसाच्या शेजारी तीस वर्षं झोपावं आणि त्याच्या आत अशी एक खोली असावी, सोन्याच्या भिंतीची, हे तिला ठाऊकच नव्हतं.

मग तिच्या मनात दुसरा विचार आला आणि ती ताठ बसली. "अहो, तांबटआळीतून तेजाबाचं पाणी किती वर्षं त्या गटारात गेलं असंल?"

"शंभर तरी. भांडी उजळायची तिथं."

"आणि आपल्या गोळ्यांनी मरणारी साय, ती शंभर वर्षं तेजाबात जगली?"

तस्नीम मुजावरांना हे सांगितलं तेव्हा त्या खुर्चीवरून उठून उभ्याच राहिल्या. गेरूत लोह असतं, त्या म्हणाल्या, आणि लोहाच्या थरातून विजेचे कण वाहू शकतात. कार्बनचं कापड आम्ही दहा वर्षं खपून बनवलं. तिथे डोंगराने स्वतःचा पडदा आधीच टांगून ठेवला होता. थराचं एक टोक हवेत कुठेतरी उघडं असणार, तिथे ते कण प्राणवायूला मिळत असतील. आणि तांबं, तेजाब, फिनेल, शहरभरची औषधं, सगळं पचवून टिकलेला वाण तिथे असणार. "अंकुशकाका, ती जागा दाखवाल?"

"मी खाली उतरणार न्हाई."

"कुणीच उतरायचं नाही. खेकडा उतरेल. तुम्ही वरून वाट सांगायची."

तांबटआळी आता पूर्वीची राहिली नव्हती. ठोक्यांचे आवाज थांबले होते, एक-दोन दुकानं तेवढी उरली होती, रस्ता नव्या फरशीचा होता. जुनी झाकणं फरशीखाली गेली होती. सकाळच्या कोवळ्या उन्हात अंकुश त्या आळीतून चालू लागला. चप्पल काढून हातात घेतली होती. जमिनीच्या वर नाही, खालीच चालत असल्यासारखा तो मध्येच वाकायचा, मध्येच भिंतीला हात लावायचा. मागे कौसल्या, तस्नीम आणि यंत्राची गाडी. दुकानदार ओट्यावर येऊन पाहत राहिले.

"हितं वळण. हितं पाणी गुडघ्याला लागायचं." दहा पावलं. "हितं वरून एक मोरी पडते." आणखी बारा. एका बंद दुकानासमोर तो थांबला आणि टाचेने फरशीवर दोनदा ठोकलं. "हिच्या खाली."

खेकडा कोपऱ्यावरच्या चालू झाकणातून खाली गेला. गाडीतल्या पडद्यावर काळोख आणि काळोखातून सरकणारा उजेडाचा गोल दिसू लागला. तस्नीमच्या हातात यंत्राची सूत्रं होती, पण त्या वाट पाहत होत्या ती अंकुशच्या शब्दाची.

"सरळ. सरळ. आता हळू. डावीकडं पाइप फुटलेला दिसंल. हां. पाय आत घाल, बाबा. खाली दीड फूट खोल हाय, पडशील." तो यंत्राशी असा बोलत होता जसा कधीकाळी जोडीदाराशी बोलत असेल. "आता वर बघ."

उजेडाचा गोल वर सरकला.

भिंत पेटली होती. काळ्या कातळाच्या कुशीत एक लांब, झळझळीत, मधाळ पट्टा वळत वळत आत गेला होता. त्यावरून पाण्याचे बारीक ओघळ उतरत होते आणि प्रत्येक ओघळ उजेड पिऊन खाली येत होता. खाली, इतक्या वर्षांनीही, नितळ पाण्यात खडे दिसत होते. कौसल्याला वाटलं आपण हे आधी पाहिलंय, ताप चढलेला असताना किंवा लहानपणी, कधीतरी मिटल्या डोळ्यांमागे.

"बाई गं," तस्नीम एवढंच म्हणाल्या.

भिंतीत एक कोनाडा होता. त्यात काहीतरी होतं, सायीने अर्धं गुंडाळलेलं. खेकड्याने नजर जवळ नेली. पत्र्याची, चपटी, चुन्याची डबी.

"लहूची," अंकुश म्हणाला.

"वर आणू?"

अंकुशने पडद्यावर बोट ठेवलं, जिथे डबी दिसत होती तिथे. "नको. ऱ्हाऊ दे. ती नीट हाय तिथं."

खेकड्याने भिंतीच्या दुसऱ्या टोकाची, ओंजळभर साय खरवडून बरणीत घेतली.

त्या ओंजळीच्या तपासण्या झाल्या. ती कुणाला आजार तर देणार नाही ना, हे तीन प्रयोगशाळांनी पाहिलं. कचेरीने कुलुपाची मुदत वाढवून दिली. तेवढ्या दिवसांत टाक्या उपसून मोकळ्या केल्या, आणि एका सोमवारी पहिल्या टाकीत विरजण सोडलं. कौसल्या आठ दिवस पाणीघरातून हलली नाही. अंकुश तिचा डबा घेऊन दोन वेळा यायचा आणि पायरीवर बसून राहायचा. पाचव्या दिवशी पडद्यावर गव्हाच्या दाण्याएवढे ठिपके उमटले. आठव्या दिवशी ठिपके एकमेकांना मिळाले. पाण्यात औषधाचा अंश होता, तो नव्या सायीने जणू पाहिलाच नाही. भिंतीवरचा पहिला दिवा लागला, तेव्हा वरच्या गल्ल्यांतून बायकांचा कालवा ऐकू आला.

त्या संध्याकाळी अंकुशने विचारलं, "छायावहिनी हे पाणी पिते का गं?"

"पहिल्या दिवसापास्नं."

तो तसाच उठला आणि छाया अवघडेच्या घरी गेला. कौसल्याही मागून गेली. छाया ओट्यावर मेथी निवडत बसली होती. अंकुश उभ्यानेच बोलला, भरभर, एखादं ओझं उतरवून टाकावं तसं. दोराचं सांगितलं, हवेचं सांगितलं, आपण सोड म्हणालो ते सांगितलं, खिडकीचं, डबीचं सांगितलं. छायाचे हात मेथीवर थांबले होते.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही सोड म्हणाला नसता तरी त्यानं सोडला असता. घरात बी कुणाचं ऐकत न्हवता तो. दोराचा राग न्हाई मला. चौदा वर्षं तुम्ही गल्लीतनं मान खाली घालून गेला, एकदा बी दारात आला न्हाई. माझा माणूस कुठं बसायचा, कशावर हसायचा, हे मला आज कळतंय. त्याचा राग हाय. तो लवकर जाणार न्हाई."

अंकुशने मान हलवली. "त्या पाण्याचं... तुला कधी काही वाटलं न्हाई?"

"कसलं वाटायचं? नळ दाराजवळ हाय म्हणून पिते." तिने पुन्हा एक काडी उचलली. मग खाली बघतच म्हणाली, "खिडकी काढायची म्हणाला व्हता?"

"हां. तुला घेऊन राहायला येतो म्हणाला."

छाया हसली की काय ते कळलं नाही. तिने शेजारचं पोतं ओढून ओट्यावर अंथरलं. "बसा. आणखी काय काय बोलायचा ते सांगा."

कौसल्या हळूच मागच्या मागे निघून आली. अंकुश घरी परतला तेव्हा भाकऱ्या पार निवून गेल्या होत्या.

बाराही दिवे लागायला आणखी सतरा दिवस गेले. नव्या सायीचा रंग जुन्या सायीपेक्षा गडद होता, तांब्याकडे झुकणारा, आणि दिवे आता नुसते हिरवे दिसत नव्हते, त्यात पिवळसर झाक होती. पाण्याचे अहवाल आले. रविवारी सकाळी कौसल्याने मुख्य तोटी उघडली. नळांतून आधी नुसती हवा फुसफुसली, मग पाणी आलं. पहिलं पाणी घ्यायला पाणीघरासमोरच्या नळाची रांग वरच्या तिसऱ्या गल्लीपर्यंत गेली होती. रांगेत अंकुश उभा होता, हातात हंडा घेऊन, पुढे दोन आणि मागे पन्नास माणसं.

त्याची पाळी आली. त्याने हंडा नळाखाली ठेवला नाही. आधी ओंजळ धरली. कौसल्या तोटीपाशीच होती. ओंजळ भरून वाहू लागली तरी तो पाहत राहिला, हातांच्या रेषा पाण्यातून मोठ्या दिसत होत्या. मग त्याने तोंड खाली नेलं आणि प्यायला.

"कसं लागतंय?" तिने विचारलं.

अंकुशने जीभ टाळ्याला लावून पाहिली. पुन्हा एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. त्याचे डोळे भरून आले होते, पण चेहरा एखाद्या लहान मुलासारखा नवल करत होता.

"काहीच लागत न्हाई," तो म्हणाला. "कौसल्ये, कशाचीच चव न्हाई ह्याला. नुसतं पाणी लागतंय."

मागून छायाने त्याच्या पाठीला हंडा टेकवला. "भावजी, प्यायचं तर बाजूला बसून प्या. लोकं खोळंबलीत."

रांगेत हशा पिकला. अंकुशने हंडा भरला, खांद्यावर घेतला आणि पायऱ्या चढू लागला. सूर्य नुकताच खाणीच्या कडेवर आला होता. हंडा काठोकाठ भरला होता आणि प्रत्येक पायरीला थोडं पाणी हिंदकळून त्याच्या मानेवरून, पाठीवरून उतरत होतं. वर पोचेपर्यंत त्याचा सदरा पार भिजला, तरी त्याने ते पुसलं नाही.